रत्नम्माला न सांगितलेलं

अहमदपूर, जिल्हा लातूर
१६ फेब्रुवारी १९८३

अण्णा,

शिवकांताचा शरणार्थ.

वर जिल्हा लातूर लिहिलंय ते बरोबर आहे. ऑगस्टपासून आम्ही लातूरमध्ये आलो. तुम्ही घर सोडलंत तेव्हा आपला जिल्हा बीदर होता, मग उस्मानाबाद झाला, आता हा तिसरा. शाळेचा शिक्का अजून जुनाच आहे, हेडमास्तर त्यावर पेनानं खाडाखोड करतात. तुमचं उत्तर आलं तर ते दुसरीकडे जाऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

आतापर्यंत मी तुम्हाला दोनच पत्रं लिहिली. अप्पा गेले तेव्हा एक आणि अव्वा गेली तेव्हा एक. तुम्ही दोन्ही वेळा आला नाहीत. हे तिसरं पत्रही तसंच आहे. रत्नम्मा गेली. सत्तावीस जानेवारीला, गुरुवारी, लातूरच्या दवाखान्यात, सकाळी आठच्या सुमारास.

तिची सावत्र मुलगी नीलाबाई मला बोलवायला शाळेत आली होती. म्हणाली, "आई तुमचं नाव घेऊन राहिली, बाई. चला." मी रजा टाकून गेले ते अकरा दिवस तिथंच राहिले. शेवटी मीच तिला आंघोळ घातली आणि कपाळाला विभूती लावली.

तिचं नाव वाचून तुम्हाला राग येईल. दगडोबा कंडक्टर नांदेडच्या गाडीवर असतो, तो मला तुमची खबर देतो. तुम्ही भोकरला तुमच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर पेपर वाचत बसता, कमी बोलता, दुसरं लग्न केलं नाहीत, हे सगळं मला त्याच्याकडून कळतं. तुम्ही लग्न का केलं नाहीत हे मला त्याच्याकडून कळायची गरज नव्हती.

अण्णा, तुम्ही जिवंत आहात हे माहीत असून रत्नम्मानं चार महिन्यांच्या आत दुसरं घर केलं, असं तुम्ही पस्तीस वर्षं धरून बसला आहात. ते तसं नव्हतं. तिला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. कशी, ते पुढच्या पत्रात लिहिते. आता शाळा भरायची वेळ झाली.

शिवकांता


अहमदपूर
८ मार्च १९८३

अण्णा,

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण मी ते चारदा वाचलं. तुमचं अक्षर अजून तसंच उजवीकडे कललेलं आहे. तुम्ही लिहिलंत, "गेल्या माणसाबद्दल बोलायचे नाही. भोकरला नळ आठवड्यातून एकदा येतो. तब्येत बरी आहे." आमच्याकडे तर टँकर आहे. पोरी दप्तराबरोबर कळशी घेऊन येतात, टँकरचा भोंगा वाजला की वर्ग रिकामा होतो. मी रागावत नाही. मीही कळशी ठेवलेली आहे.

गेल्या पत्रात मी शाळेचं निमित्त सांगून थांबले. त्या दिवशी शाळा अकराची होती आणि पत्र मी सातला लिहीत होते. आज लिहिते.

अठ्ठेचाळीस सालची शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. मी तेरा वर्षांची. रत्नम्मावहिनी शिवरात्रीला देगलूरला माहेरी गेलेली. रझाकारांमुळे बाजार बंद होता, तरी अप्पा सवयीनं दुकानाची एक फळी उघडून बसायचे. तुम्ही मला ज्वारीच्या कणगीमागं बोलावलंत.

"शिवे, हात पुढं कर."

मला वाटलं गूळ देताय. तुम्ही गळ्यातला शिवदोरा मानेवरून काढलात आणि लिंगाची चांदीची डबी माझ्या हातावर ठेवलीत. मी हात मागं ओढला. आपल्यात जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं लिंग माणूस मेल्यावर त्याच्याबरोबरच मातीत जातं, मधे कधी उतरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

"अण्णा, हे काय करून राहिलास? अप्पाला सांगीन मी."

"सांग. मग अप्पा मला खोलीत कोंडतील. नाक्यावर सदरा वर करून छाती बघतात, शिवे. हे दिसलं की मी काय दाढी दाखवून सुटणार हाय?"

दोन आठवड्यांची दाढी राखली होतीत तुम्ही. हदगावकडून निजामाच्या हद्दीपलीकडं, उमरखेडच्या लढ्याच्या कँपात गाडी न्यायची होती, मुसलमान गाडीवान म्हणून.

"गाडीत काय हाय?"

"कांदे."

"आन् कांद्याच्या खाली?"

"लई शहाणी हायेस. खालीपण कांदेच." तुम्ही हसलात. मग म्हणालात, "कुणाला बोलायचं न्हाई. अव्वाला न्हाई, अप्पाला तर न्हाईच. फक्त रत्नी आली की तिला एकटीला गाठून सांग. म्हणावं, कुणी काय बी सांगू दे, मी हाय. वाट बघ. आन् माझ्या लिंगाला रोज पाणी घाल, त्याला उपाशी ठेवू नको."

मी जवळजवळ चार आठवडे ते केलं. सकाळी डाव्या तळहातावर आधी माझं लिंग, मग तुमचं. पाणी, विभूती, बेलाचं पान. कणगीमागं बसून करायची. मग जेवायची. त्या दिवसांत घरात सगळे घाबरलेले असायचे, आणि मी मात्र आतून खुश असायची. तुम्ही कुठं आहात हे मला एकटीला ठाऊक होतं.

पाडव्याच्या आधी एक दिवस अव्वा मापटं घ्यायला कणगीमागं आली. माझ्या हातावर एक लिंग, मांडीवर दुसरं. डबीला पोचा होता, तुम्ही लहानपणी चिंचेवरून पडलात तेव्हाचा. तिनं तो पोचा ओळखला.

"महादेवाचं हाय हे. तुझ्याजवळ कुठनं आलं?"

मी तुम्हाला शब्द दिला होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "ओढ्याकाठी सापडलं."

तेवढं बोलून मला वाटलं, मी शब्द पाळला.

अव्वा खाली बसली. लिंग सापडलं तर माणूस कुठाय, असं तिनं विचारलं नाही. आपल्या घरांत कुणी विचारणार नाही. लिंग ओढ्याकाठी पडलं म्हणजे माणूस तिथंच पडला. दुसऱ्या कुठल्या घरात गळ्यातली वस्तू सापडली असती, तर लोक म्हणाले असते, तुटून पडली असेल, येईल तो. आपल्याकडे अव्वानं एकच हंबरडा फोडला आणि गल्ली गोळा झाली.

कागद संपला. बाकीचं लवकरच लिहिते. या वेळी निमित्त नाही, खरंच कागद संपला.

शिवकांता


अहमदपूर
३ एप्रिल १९८३

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट बघणार होते, पण वाट बघत राहिले तर लिहिणार नाही.

लोक ओढा धुंडाळून आले. देह सापडला नाही. त्या साली देह न सापडणं नवीन नव्हतं. मठाचे स्वामी म्हणाले, देह नसला तरी लिंग आहे, लिंगालाच समाधी द्या. आपल्या शेतात बांधाजवळ खड्डा घेतला, त्यात कोनाडा केला, आणि बसल्या माणसाची जागा सोडून तुमचं लिंग ठेवलं. भोवती विभूतीचे गट्टे आणि बेल. अप्पा खड्ड्यात उतरले होते, त्यांना वर येता येईना. मी बांधावर उभी होते. मला वाटत होतं आता बोलावं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं झालं की बोलते. माती लोटली की बोलते. घरी गेलं की बोलते.

वहिनीचे वडील तिला देगलूरहून घेऊन आले. तिच्या बांगड्या फोडल्या. सतरा वर्षांची होती ती, अण्णा. आमच्या शाळेत दहावीला असतात तेवढी.

त्याच दुपारी चौकीचा जमादार चार रझाकार घेऊन दारात आला. तुम्ही कँपात असल्याची खबर त्याला कुणीतरी दिली होती.

"महादेवप्पा कहाँ है?"

अप्पांनी नुसता हात शेताकडे केला. जमादारानं त्यांच्या तोंडात मारली. म्हणाला, "सब नाटक है. बनिया लोग नाटक अच्छा करते." आणि दोघांना शेत उकरायला पाठवायला निघाला.

तेव्हा वहिनी उठली. मनगटं काचांनी कापलेली होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि जे ओरडली ते मला इथं लिहिता येत नाही. त्यात शब्द नव्हतेच. जमादारानं तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "चलो," म्हणाला. त्यानंतर आपल्या घरी कुणी आलं नाही. तुम्हाला कुणी शोधलं नाही.

जिला ठाऊक आहे तिला तसं रडता आलं नसतं. हे मला तिथंच कळलं. म्हणून मी ठरवलं, दहा दिवस जाऊ दे, मग सांगू. हे माझं कारण होतं आणि ते खोटं नाही. पण तिचे वडील तिला तिसऱ्याच दिवशी घेऊन निघाले. मी वेशीपर्यंत गाडीमागं पळत गेले. वडील तिच्या शेजारीच बसलेले.

"वैनी, एक सांगायचं हाय."

"सांग की."

वडील माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "परत ये."

"कशाला गं, शिवे? आता कोन हाय माझं तिथं?"

आणखी एक कारण होतं. ते मी रत्नम्मालाही सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. गाडी गेल्यावर मला हलकं वाटलं. तुम्ही आहात हे आता परत मला एकटीलाच ठाऊक राहिलं होतं. ती आल्यापासून तुम्ही माझ्याशी कमी बोलायचा. मी तेरा वर्षांची होते, हे लिहून मी सुटत नाही. मला त्या वयातही कळत होतं.

पत्र पाठवायला हवं होतं. मला शाळेतलं उर्दूच लिहिता यायचं, तिला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला तिचे वडीलच. म्हणून पाठवलं नाही.

ज्येष्ठात निरोप आला की तिला बार्शीकडच्या मलप्पांना दिली. ते बिजवर, दोन लेकरांचे. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. तिच्या वडिलांनी अप्पांना विचारलं होतं, आणि अप्पा हो म्हणाले होते. म्हणाले, "तरणी पोर हाय. पलीकडं तरी जिवंत ऱ्हाईल." मला हे सगळं झाल्यावर कळलं. तोपर्यंत दहा दिवसांचे तीन महिने होऊन गेले होते.

भाद्रपदात फौज आली आणि रझाकार पळाले. दसरा झाल्यावर तुम्ही आलात. सकाळची वेळ. अव्वा पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि उंबऱ्यातच थांबली, समाधी दिलेल्या लेकाच्या पायावर पाणी घालायचं का, ते तिला समजेना. गल्लीत कुणीतरी म्हणालं, स्वामींना विचारा. अप्पांनी "महादेवा" अशी एकच हाक मारली. स्वामींनी निरोप धाडला की नवं लिंग बांधून घेता येईल. तुम्ही म्हणालात, "माझं पुरलंय तुम्ही. दुसरं नको."

वहिनीला दुसरीकडे दिल्याचं कळल्यावर तुम्ही गोठ्याजवळ मला गाठलंत.

"रत्नीला सांगितलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हाव."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई."

तुम्ही थोडं हसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि घर सोडून गेलात. हात ठेवलात म्हणून मी काही बोलले नाही. वाटलं, खरं सांगितलं तर हा हात परत कधी डोक्यावर येणार नाही. तो तसाही आला नाही.

एवढंच होतं. ते लिहायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि तीही रत्नम्मामुळं.

दवाखान्यात पहिले चार दिवस ती बरी होती. तोंड चालू होतं. नर्सबाई सलाईन लावायला आली की म्हणायची, "गावात टँकर येत न्हाई आन् माझ्या हाताला नळ बसवलाय, बघा." पाचव्या दिवशी नीलाबाई डबा आणायला गेली तेव्हा तिनं मला विचारलं, "तुझे अण्णा जिवंत हायेत हे मला त्याच दिवाळीत बार्शीच्या बाजारात कळलं. भेटायला आले न्हाईत. भांडायलाबी आले न्हाईत. माझं काय चुकलं होतं, शिवे?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं भिंतीकडे कूस वळवली. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंस?"

"न्हाई."

"मग मला आधी कशाला सांगितलंस? मी तर चालले. त्यांना आधी सांगायचं व्हतं." आणि वर, "मास्तरीण झालीस ना? लिही की मग."

शिवकांता


अहमदपूर
२४ मे १९८३

अण्णा,

तुमचं पत्र काल आलं. सात आठवडे झाले होते. मी दगडोबाला विचारायचं सोडून दिलं होतं. तोच मागच्या सोमवारी स्टँडवर म्हणाला, "बाई, अण्णांची गिरणी लई दिवस बंद हाय. पाणी न्हाई म्हणून, असं सांगत्यात. पण गिरणीला पाणी कुठं लागतं?" तेव्हापासून मला झोप नव्हती.

तुम्ही मला एका शब्दानंही रागावला नाहीत. माझ्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. नुसते तीन प्रश्न लिहिलेत, खाली नाव. मी त्यांची उत्तरं देते.

ती कशी दिसायची, हे तुम्ही विचारलंत. केस सगळे पिकले होते, पण दाट होते, मी विंचरून दिले तेव्हा हातात मावत नव्हते. चष्मा होता, एका बाजूला दोरा बांधलेला. उंची तीच, थोडी वाकली होती. मनगटावर काचेचे वण अजून होते, डाव्या हाताला जास्त. हसताना तोंडावर पदर घ्यायची, ते बदललं नव्हतं. भाजी तिखट लागायची. दवाखान्यातली भाजी बघून म्हणायची, "ही आजारी माणसाची हाय का आजारी भाजी हाय?" तुम्हाला तिच्या बोलण्याची सवय होईपर्यंतसुद्धा तुम्ही एकत्र राहिला नाहीत, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

मलप्पांनी तिला नीट वागवलं का, हा दुसरा. हो. ते कमी बोलणारे होते, पुढं लातूरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती, आठ वर्षांपूर्वी गेले. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही. त्यांची दोन तिनं वाढवली, आणि नीलाबाई तिच्यासाठी जशी रडली तशी पोटची पोरगी रडेल का, मला शंका आहे. तिचं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल की वाईट, ते मला कळत नाही. खरं आहे म्हणून लिहिलं.

तिसऱ्या प्रश्नाशी मी काल दुपारपासून बसले आहे. शाळेला सुट्टी आहे, दार लोटून घेतलंय. दोन कागद फाडले. तुम्ही विचारलंत, "शेवटी तिचा माझ्यावर राग होता का?"

मी नाही म्हणून लिहू शकते. एकच शब्द आहे. तुम्हाला ते वाचून झोप लागेल, गिरणीही परत चालू कराल. आणि तिच्याजवळ मी एकटीच होते, तेव्हा कोण विचारायला येणार आहे.

राग होता, अण्णा. माझ्यावर होता त्यापेक्षा जास्त. मला ती म्हणाली, तू लेकरू होतीस. तुमच्याबद्दल म्हणाली, "ते तर मोठे होते ना? उमरखेडाला कांद्याची गाडी नेली, नाके ओलांडले. बार्शीला यायला काय झालं होतं? एका पोरीच्या हाव म्हणण्यावर मला सोडलं." हे ती शांतपणे म्हणाली. मग पाणी मागितलं. मरायच्या आदल्या दिवशी तुमचं नाव एकदा घेतलं, नुसतं नाव. ते रागानं घेतलं की कसं, ते मला समजलं नाही. समजलं असतं तर लिहिलं असतं.

तुम्हाला आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. एका वेळी एक विचारलंत तरी चालेल. मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगेन, आणि आहे तसं सांगेन.

शिवकांता